सेक्टर शून्य नक्की कोणाचा? रेडमधल्या डिस्क आणि पार्टिशन टेबल

१९८३ साली पीसी-डॉस २.० बरोबर पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची यादी) आलं, तेव्हा पीसीत रेडचा, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करण्याचा, विचारच नव्हता. ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे सेक्टर शून्यमध्ये, ४४६ बाइट बूट कोडला, मग १६ बाइटच्या चार नोंदी आणि शेवटी ५५एए ही खूण. खूण दिसली की सिस्टीम टेबल खरं धरते. डिस्क एकटी आहे की रेडची मेंबर, हे त्यात कुठेच नसतं.

लिनक्सच्या एमडी या रेड ड्रायव्हरने ०.९० फॉरमॅटमध्ये सुपरब्लॉक (रेडची माहिती असलेला छोटा तुकडा) डिस्कच्या टोकाशी ठेवला, टोकापासून ६४ ते १२८ केबी आत. फायदा मोठा: मिररमधली (सगळ्या डिस्कवर सारखाच डेटा) एक डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी ती साध्या डिस्कसारखी वाचता येते. पण मग अ‍ॅरेचा (जोडलेल्या डिस्कच्या समूहाचा) सेक्टर शून्य तोच डिस्कचाही. अ‍ॅरे जुळण्याआधीच कर्नल एकट्या डिस्कची पार्टिशन म्हणून एसडीए१, एसडीए२ दाखवतो. त्या अवस्थेत कोणी एसडीए१ माउंट करून लिहिलं, तर दोन्ही डिस्कवरचा मजकूर गुपचूप वेगळा होतो. रेड ५ मध्ये (एका डिस्कइतकी जागा दुरुस्तीच्या माहितीला जाते) १ टीबीच्या तीन डिस्क असतील तर टेबल २ टीबीचं असतं, आणि पार्टिशन डिस्कच्या बाहेर जातंय अशी तक्रार कर्नल करतो. ते टेबल 'दुरुस्त' करायला जाऊ नका, ते अ‍ॅरेचं आहे.

टोक तसंही गर्दीचंच. फ्रीबीएसडीचा जीमिरर शेवटचा सेक्टर घेतो, विंडोज २००० ची डायनॅमिक डिस्क शेवटचा १ एमबी. त्यात जीपीटी या नव्या पार्टिशन टेबलने आपली दुसरी प्रत तिथेच ठेवली.

२०१० मध्ये एमडीअ‍ॅडमने (एमडीचे अ‍ॅरे हाताळणाऱ्या कमांडने) १.२ फॉरमॅट डीफॉल्ट केला: सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ केबीवर, म्हणजे सेक्टर ८. जुना घोळ मिटला, नवा सुरू झाला, कारण जीपीटीच्या नोंदी सेक्टर २ ते ३३ मध्ये असतात. पुण्यातल्या छोट्या ऑफिसात वापरलेल्या डिस्कवर, पार्टिशन न करता, बॅकअपचा अ‍ॅरे बनवला जातो. जुन्या जीपीटीची टोकाकडची प्रत तशीच राहते. सर्व्हर महिनोन्‌महिने बंदच होत नाही. मग एखाद्या गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, मशीन पुन्हा चालू होतं, आणि काही मदरबोर्डचं यूईएफआय (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) ती प्रत पाहून सुरुवातीचं टेबल 'परत आणतं'. सुपरब्लॉक गेला.

म्हणून आधी वाइपएफएस -ए ही जुन्या खुणा पुसणारी कमांड चालवा. जीपीटी डिस्कवर पुसल्याच्या तीन ओळी दिसायला हव्यात: सुरुवातीचा हेडर, टोकाचा हेडर, ५५एए. डीडी कमांडने सुरुवातीचे काही एमबी पुसले तर टोक शिल्लकच. मग एफडी०० (लिनक्स रेड) प्रकारचं एक पार्टिशन करून तेच अ‍ॅरेला द्या आणि टोकाला १०० एमबी मोकळे सोडा. बदली डिस्क काही सेक्टरने लहान निघाली तर अडत नाही.

सुपरब्लॉक गेला तरी डेटा बहुधा शाबूत असतो, कारण तो ४ केबीच्या बराच पुढे सुरू होतो. पण अ‍ॅरे पुन्हा बांधताना डिस्कचा क्रम, चंक साइझ (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) आणि डेटा ऑफसेट (डेटा कुठून सुरू होतो) जसाच्या तसा लागतो, शिवाय असूम-क्लीन हा, डिस्क पुन्हा जुळवू नका असं सांगणारा, पर्याय द्यावा लागतो. हे आकडे देणारा एमडीअ‍ॅडम एग्झॅमिनचा आउटपुट अ‍ॅरे धड असतानाच प्रत्येक डिस्कसाठी छापून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा.