निफाडची थंडी आणि पाण्यातली ऊब

उत्तरेकडून थंडीची लाट आली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांची झोप उडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर आला, ही सकाळची पहिली चौकशी. तो चार-पाच अंशांखाली घसरला की बागेत शेकोट्या पेटतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडलं जातं. दोन्ही उपाय उबेसाठीच, पण या दोन उबा मुळातच वेगळ्या आहेत. त्यांचा उलगडा व्हायला दीडशेहून अधिक वर्षं गेली.

शेकोटीचं कोडं आधी सुटलं. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी निघून जातं, असं अठराव्या शतकात मानत. फ्रान्समध्ये लाव्हाझिएने काटेकोर वजनं करून दाखवलं की उलट हवेतला ऑक्सिजन पदार्थाशी जोडला जातो. ही रासायनिक अभिक्रिया. रेणूंच्या आतले बंध तुटून नवे जुळतात, त्यात उष्णता मिळते आणि जळालेलं सरपण काही परत येत नाही.

पाण्याचं तसं नाही. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६२ च्या सुमारास त्याची उष्णता मोजली, आणि त्याच्या प्रयोगाचा साधेपणा आजही थक्क करतो. एकसारखे दोन काचपात्र, एकात बर्फ, दुसऱ्यात बर्फाइतकंच गार पाणी, दोन्ही एकाच दालनात टांगलेले. पाणी अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइट तापलं. बर्फाला वितळून जवळपास त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. म्हणजे वितळताना बर्फ उष्णता घेत राहतो आणि थर्मामीटरला त्याचा पत्ता लागत नाही. हाच अप्रकट उष्मा. पाणी गोठताना तो परत देतं: एका ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी. तेच पाणी न गोठता एक अंशाने थंड झालं तर मिळते जेमतेम एक कॅलरी.

ही उष्णता जाते कुठे, हे ब्लॅकला सांगता आलं नाही. १८७३ मध्ये व्हॅन डर वाल्सने लायडेनला प्रबंध लिहिला आणि रेणूंमधल्या परस्पर ओढीला समीकरणात जागा दिली. वायूचा द्रव होतो तो या ओढीमुळे, म्हणजे आंतररेण्वीय बलामुळे. त्याला १९१० चं नोबेल मिळालं. तरीही पाणी हट्टी ठरलं. पाण्यासारखीच रेणूरचना असलेला हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना उकळतो, मग त्याहून हलक्या रेणूंचं पाणी १०० अंशांपर्यंत का टिकतं? उत्तराची वाट १९२० मध्ये लॅटिमर आणि रोडेबुश यांनी दाखवली: एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. बर्फ वितळताना दिलेली उष्णता यांतले काही बंध सैल करण्यात खर्च होते. पाण्याचा रेणू मात्र अखंड राहतो, म्हणून ही अभिक्रिया नव्हे, केवळ अवस्थांतर.

बागेत सोडलेलं पाणी बहुतेक वेळा गोठतच नाही. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते, आणि याच बंधांमुळे पाणी ती सावकाश सोडतं. दव गोठण्याइतका कडाका पडला तर ८० कॅलरींचा हिशेब लागू होतो. पिकलेल्या मण्याला इथे थोडी सवलत आहे. रसात २० टक्के साखर असेल तर साखरेच्या रेणूंच्या गर्दीत पाण्याला बर्फाची मांडणी जमवायला शून्याखाली साधारण अडीच अंश उतरावं लागतं. कोवळ्या फुटीत तेवढी साखर नसते, म्हणून गोठणाऱ्या दवाचा धोका तिला आधी.