ए.सी.-डी.सी. म्हणजे सेलवर चालणारा नव्हे

‘घेऊन जा ना भाऊ, ए.सी.-डी.सी. आहे. लाईट गेली तरी बॅटरीवर वाजते.’ नागपूरच्या इतवारी बाजारात जुना व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांचा) रेडिओ विकणाऱ्याने मला हे ऐकवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेच वाक्य अजून ऐकतो, आणि आता तर शिकलेसवरलेले लोकही ते म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या डब्यावर ए.सी.-डी.सी. लिहिलं असेल तर अर्थ तोच: लाईटवर चालतो, सेलवरही चालतो. व्हॉल्व्हच्या सेटवर तेच लिहिलं असेल तर अर्थ वेगळा, आणि त्या वेगळ्या अर्थात जीव जाऊ शकतो.

आधी साधा ए.सी. सेट, म्हणजे घरच्या नेहमीच्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर चालणारा. आत वजनदार मेन्स ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घरच्या लाईटचा (मेन्सचा) दाब कमी-जास्त करून देणारा. तो एकीकडे व्हॉल्व्हच्या हीटरना (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारांना) ६.३ व्होल्ट देतो आणि दुसरीकडे अडीचशे व्होल्टच्या आसपासचा उच्च दाब. घरची लाईट आणि सेटची चासी (ज्यावर सगळे भाग बसवतात तो पत्र्याचा सांगाडा) यांच्यात तारेचा थेट संबंध नाही. यापेक्षा जास्त सांगत बसत नाही.

ए.सी.-डी.सी. सेटला ‘युनिव्हर्सल’ असंही म्हणत. एके काळी काही शहरांत घरोघरी डी.सी. वीज, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, यायची, कोलकात्याच्या काही भागांत ती बरीच वर्षं टिकली. डी.सी.वर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, नुसता जळतो. म्हणून या सेटमधून तो काढूनच टाकला. डी.सी. म्हणजे इथे भिंतीतून येणारे दोनशे-सव्वादोनशे व्होल्ट. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी लावलीत तर डायलचा दिवासुद्धा लागणार नाही. ट्रान्सफॉर्मर गेल्याने सेट स्वस्तही पडे, त्यामुळे डी.सी. नसलेल्या गावांतही ते खपले.

ट्रान्सफॉर्मर नाही, मग हीटरचं काय? दिवाळीच्या माळेसारखे ते एकामागे एक जोडलेले असतात. एका सेटमधले चार व्हॉल्व्ह घ्या: यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ ला १९, यूएल ८४ ला ४५, यूवाय ८५ ला ३८. बेरीज १२१. उरलेले शंभर-एकशेदहा व्होल्ट एका जाड रेझिस्टन्सवर नुसती उष्णता होऊन जातात. माळेतला एक हीटर गेला की सगळे विझतात. इथवर कोणी चुकत नाही.

चुकतात ते चासीशी. या सेटमध्ये मेन्सची एक तार सरळ चासीला जोडलेली असते. आपला जुना टू-पिन प्लग कसाही बसतो, त्यामुळे चासीवर न्यूट्रल (झटका न देणारी तार) येणार की फेज (झटका देणारी), हे त्या दिवशी तुम्ही प्लग कसा खुपसला त्यावर ठरतं.

मला हे कळलं ते मे महिन्यात. कूलरच्या पाण्याने फरशी ओली, मी अनवाणी, आणि ट्यूनिंगचं बटण ढिलं झालं म्हणून त्याच्या कडेचा बारका स्क्रू पिळायला गेलो. कोपरापर्यंत झिणझिण्या. सेट बंद होता! त्या सेटमध्ये स्विच एकाच तारेत होता, तोही चासीकडच्या. चालू असताना चासी न्यूट्रलवर, म्हणजे निर्धोक. बंद केलं की न्यूट्रल सुटतो, आणि फेज त्या हीटरच्या माळेतून फिरत चासीवर येऊन बसतो. प्लग उलटा लावला असता तर चालू असताना झटका बसला असता. ‘बंद करून हात लावतो’ हे शहाणपण इथे कुचकामी. प्लग उपटा, मगच हात लावा.

कारखान्यात याचा विचार झालेला असे. बटणाचा स्क्रू आत खोल आणि वर मेणाने बुजवलेला, पाठीला पुठ्ठ्याचं झाकण, खाली चासीचे बोल्ट झाकलेले. पन्नास वर्षांत मेण गळतं, झाकण हरवतं, आणि कुणीतरी मिस्त्री भलतंच बटण बसवून देतो.

ओळखायचं कसं? व्हॉल्व्हवरचं पहिलं अक्षर बघा. ई असेल (ईसीएच ८१, ईएल ८४) तर ६.३ व्होल्टचा हीटर, बहुधा ए.सी. सेट. यू असेल तर शंभर मिलिअँपियर प्रवाहाची हीटरची माळ, म्हणजे ए.सी.-डी.सी. सेट. ‘आत ट्रान्सफॉर्मर दिसला’ यावर मात्र विसंबू नका. स्पीकरपाशी असणारा लहान आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्हींत असतो. खरी खात्री ओम मोजणाऱ्या मीटरची. प्लग बाहेर, सेटचा स्विच चालू, मीटरचं एक टोक चासीला, दुसरं प्लगच्या एकेका पिनेला. ए.सी. सेटमध्ये दोन्ही पिनांना जोड दिसू नये. ए.सी.-डी.सी.मध्ये एक पिन शून्याजवळ आणि दुसरी हजारेक ओम.

विकणारा मात्र ५८५ किलोहर्ट्झवर आकाशवाणी नागपूर लावून दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा, क्लियर आहे.’ अहो, तीनशे किलोवॉटचं केंद्र उशाशी असताना मुका सेटही बोलेल. त्याने सेट चांगला ठरत नाही, आणि चासी तर नाहीच नाही.

आता माझा खरा राग. अशा सेटला ब्लूटूथ किंवा ऑक्सची (वायरीने मोबाइल जोडायची) खोबण बसवून देणारे. त्या खोबणीची बाहेरची कडी चासीला जाते, म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाइलच्या वायरीत मेन्स. दुसरे, ‘सेफ्टीसाठी’ चासीलाच अर्थिंग करणारे. प्लग उलटा पडला की सरळ शॉर्ट. आणि तिसरे म्हणतात, ‘स्टॅबिलायझर लावलाय ना.’ घरच्या स्टॅबिलायझरमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्यातून न्यूट्रल जसाच्या तसा पलीकडे जातो. हवा तो दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि आजकाल तो बनवून मिळतो.

आवाजावरून दोन्हींत वाद घालणारेही भेटतात. यूएल ८४ ला दाब थोडा कमी मिळतो, जोर जरा कमी पडतो, बास. पहिलाच सेट घेत असाल तर ए.सी. घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी. माझा तो झटका देणारा अजून घरात आहे, कारण त्याच्या बॅकेलाइटचा रंग मला आवडतो. बटणांत नवं मेण भरलंय आणि पाठीवर पुठ्ठा कापून बसवलाय. नातू आला की सेट प्लगसकट कपाटावर जातो.