चुंबक चिकटला नाही म्हणजे पुट्टीच?

मागच्या मे महिन्यात जळगावच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात मित्रासोबत गेलो होतो. त्याला वापरलेली इम्पोर्टेड जर्मन गाडी घ्यायची होती. बरोबर त्याचे मामा होते, खिशात चुंबक घेऊन. मामांनी चुंबक बॉनेटला लावला आणि तो सरळ घसरून खाली पडला. "भाऊ, हाई पत्रा नही शे, नुसती पुट्टी शे!" मामांनी निकाल देऊन टाकला. सौदा तिथेच मोडणार होता.

मामांची रीत चुकीची नाही. नेहमीच्या गाड्यांचा पत्रा पोलादाचा असतो. ठोकर बसलेल्या जागी जाड पुट्टी भरली, की चुंबक आणि पोलाद यांच्यातलं अंतर वाढतं आणि पकड झपाट्याने ढिली पडते. पण महागड्या परदेशी गाड्यांचं बॉनेट बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. 1994 मध्ये आलेल्या ऑडीच्या पहिल्या ए-8 ची तर सगळी बॉडीच अ‍ॅल्युमिनियमची होती. पोलादाची घनता घनमीटरला सुमारे 7850 किलो, अ‍ॅल्युमिनियमची 2700, म्हणजे वजनात मोठी बचत. अशा पत्र्याला चुंबक चिकटणारच नाही, मग तो कंपनीतून आलेला कोरा का असेना.

मग अशा गाडीचा रंग तपासायचा कसा? इथे मला मनापासून आवडणारी गोष्ट येते. घराबाहेरचं जुनं, चकतीचं वीजमीटर आठवा. काचेआड फिरणारी ती चकती अ‍ॅल्युमिनियमची. तिला चुंबक चिकटत नाही, तरी ती फिरते चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर, आणि तिला आवर घालायलाही मीटरमध्ये एक चुंबकच बसवलेला असतो. कारण असं, की बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत वीज वाहायला लावतं. तापीच्या पुरात भोवरे उठतात तशी ही वीज धातूतच गोल गोल फिरते. घरी बघायचं असेल तर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तिरपी धरा आणि निओडिमियमचा छोटा चुंबक तिच्यावरून सोडा. मधातून उतरावा तसा तो सावकाश खाली येतो.

रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरच्या टोकात तारेचं वेटोळं असतं. त्यातून अतिशय वेगाने दिशा बदलणारी वीज सोडतात. टोक रंगावर टेकवलं की खालच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये भोवरे उठतात, आणि लेन्झच्या नियमानुसार त्यांचं चुंबकीय क्षेत्र मूळ क्षेत्राला विरोध करतं. धातू जितका जवळ तितका विरोध जास्त. त्या विरोधावरून मीटर अंतर काढतं, आणि ते अंतर म्हणजेच रंगाची जाडी. विजेची सेकंदाला दहा लाख आवर्तनं झाली, तर शुद्ध अ‍ॅल्युमिनियममध्ये भोवऱ्यांचा जोर साधारण 82 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) खोलीवर पृष्ठभागाच्या सुमारे 37 टक्क्यांवर येतो. म्हणून पत्रा एक मिलिमीटर असो की दीड, आकड्यात फरक पडत नाही. पोलादासाठी मीटर कमी वारंवारतेची दुसरी पद्धत वापरतं. घेताना दोन्ही धातूंवर चालणारंच मीटर घ्या. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र ते काही सांगू शकत नाही.

कंपनीचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन असतो. 250 च्या पुढे गेला तर पुन्हा रंगवलाय असं समजा, 500 च्या वर बहुधा पुट्टी. यार्डात आम्ही मीटर लावलं. मामांनी नापास केलेलं बॉनेट: 118, 124, 121. डावीकडचा मागचा दरवाजा, जिथे चुंबक छान चिकटला होता: 640. मामांनी स्वतःच्या हाताने तीनदा मोजून पाहिलं.

यार्डवाल्याचा भर मात्र भलतीकडेच होता. नंबरची बेरीज 9 येते म्हणून तो किंमत वाढवून सांगत होता. बेरजेने ब्रेक लागत नाहीत. त्यापेक्षा टायरच्या कडेचे चार अंक वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. आणि 'इम्पोर्टेड' या शब्दावर पैसे मोजण्याआधी कस्टमची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. जर्मन बिल्ल्याच्या कितीतरी गाड्या चाकणला, चेन्नईला, नाहीतर अजिंठ्याचा घाट ओलांडला की शेंद्र्याला जोडल्या जातात. त्या वाईट नसतात, पण इम्पोर्टेडही नसतात.

आपल्या खान्देशात एक तपासणी चुकवू नका. भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास असताना, भर दुपारी, एसी चालू ठेवून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू राहू द्या. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर भिस्त ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मध्यावरच थांबेल असा बसवलेला असतो. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, खरं तापमान वाचा. ते वर गेल्यावर पंख्याने ओढून पुन्हा खाली आणलं पाहिजे. सारखं चढतच राहिलं तर गाडी लगेच बंद करा. कूलंटचं झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. आतल्या दाबामुळे ते पाणी शंभराच्या वरही उकळत नसतं. झाकण सैल होताच दाब जातो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येतं.