मोटार शर्यतीतील रेडिओ संपर्क

मोटार शर्यतीतील रेडिओ संपर्क : शर्यतीत धावणाऱ्या गाडीचा चालक आणि पिटमधला (ट्रॅकच्या कडेला गाडीचे टायर बदलण्याच्या व दुरुस्तीच्या जागेतला) त्याचा संघ यांच्यात वायरलेस सेटवरून होणारे बोलणे. टायर कधी बदलायचे, इंधन किती उरले, पुढे कुठे गाडी आडवी झाली आहे, आपल्या गाडीत काय बिघडले आहे, हे सगळे यावरून कळवतात. सेन्सरांचे आकडे आपोआप पाठवणारी टेलिमेट्री ही वेगळी यंत्रणा असून तिचा विचार येथे केलेला नाही.

रेडिओ येण्याआधी पिटच्या कठड्यावरून फलक दाखवत. मर्सिडीजचे संघव्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी १९२० च्या दशकात फलक आणि झेंड्यांच्या खुणांची पद्धत रुजवली. इटलीतल्या रस्त्यांवर होणाऱ्या मिल्ले मिल्या शर्यतीसाठी १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस आणि त्यांचे सहचालक डेनिस जेन्किन्सन यांनी इंटरकॉम लावून पाहिला होता. पण गाडी चालवण्यात गढलेल्या मॉस यांच्या डोक्यात कानातले बोलणे शिरेना. शेवटी जेन्किन्सन यांनी कागदाच्या गुंडाळीवरची टिपणे वाचत हाताच्या खुणांनी वळणे सांगितली आणि दोघांनी शर्यत जिंकली. चालकाच्या कानात आवाज गेला म्हणजे निरोप पोचला असे नाही, ही या विषयातली मुख्य गोष्ट तेव्हाच दिसली होती. रॅलीत आज इंटरकॉम सर्रास वापरतात. फॉर्म्युला वन या ट्रॅकवरच्या जागतिक शर्यतमालिकेत १९८० च्या दशकात रेडिओ नेहमीचा झाला.

काय बोलावे यावर नियम आले, बदलले आणि काही मागेही घेतले गेले. चालकाने गाडी एकट्याने, मदतीशिवाय चालवावी या तत्त्वावर २०१६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये कडक बंधने होती. त्या वर्षीच्या ब्रिटिश ग्रांप्रीत (या मालिकेतल्या एका शर्यतीत) मर्सिडीजचा चालक निको रोसबर्गला गिअरबॉक्सच्या बिघाडावर संघाने सल्ला दिला, म्हणून १० सेकंदांचा दंड झाला आणि तो दुसऱ्यावरून तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच जुलैअखेर हॉकेनहाइमच्या शर्यतीपासून बहुतेक बंधने उठवली गेली. अमेरिकेच्या नॅस्कार या शर्यतमालिकेत प्रेक्षकांच्या गॅलरीच्या माथ्यावर उभा असलेला स्पॉटर चालकाचे डोळे होऊन सतत बोलत असतो आणि प्रेक्षकही भाड्याने स्कॅनर घेऊन ते ऐकतात.

जुळणी

गाडीत सेट, अँटेना, स्टिअरिंगवरचे बोलण्याचे बटण, हेल्मेटमधला माइक, कानातले इअरपीस आणि या सगळ्यांना जोडणारी वायर इतकेच भाग असतात. लहान संघांचे सेट साधारण १३६ ते १७४ किंवा ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत, ४-५ वॉट ताकदीचे असतात.

बहुतेक घोटाळा अँटेनापाशी होतो. पाव तरंगलांबीची अँटेना १५० मेगाहर्ट्झला सुमारे ५० सेंटिमीटर, तर ४५० ला साडेसोळा सेंटिमीटर लागते आणि तिच्या बुडाशी धातूचा पत्रा हवा असतो. साध्या मोटारीला छत असते. विद्यार्थी बनवतात त्या पाइपच्या सांगाड्याच्या गाडीला ते नसते आणि फायबरचे बॉनेट पत्र्याचे काम करत नाही. अशा वेळी ४५० मेगाहर्ट्झसाठी ३३ सेंटिमीटर चौरस अॅल्युमिनियमचा पत्रा सांगाड्याला घट्ट बसवून मधोमध अँटेना लावावी. केबल लागेल तेवढीच घ्यावी. साधी आरजी-५८ केबल ३ मीटर असली तरी या पट्ट्यात जवळपास पाचवा हिस्सा ताकद वाटेतच जाते. अँटेना न जोडता बटण दाबू नये, सेट जळू शकतो.

माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. गोंगाट गाळणाऱ्या माइकला दोन बाजू असतात. बोलण्याची बाजू चुकून बाहेर राहिली तर तो इंजिनाचा आवाज उचलतो आणि चालकाचाच आवाज गाळतो. सेट, वायर सगळे बदलून झाले तरी हा दोष सापडत नाही, कारण नुसत्या हातात धरून तपासताना माइक ठीक वाटतो.

वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्यावी. इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ आणि चालू केल्यावर खराब होत असेल तर रेस (इंजिनाचा वेग) वाढवून ऐकावे. रेसबरोबर चढत जाणारी शीळ आली तर दोष अल्टरनेटरच्या बाजूचा, टकटक आली तर स्पार्कचा. रेझिस्टर असलेला प्लग बसवला की ती बहुधा कमी होते. स्टिअरिंगमधली वायर घासून बटण दाबलेलेच राहिले तर अख्खे चॅनेल अडते. म्हणून सेटमध्ये सलग बोलण्याची मर्यादा ३० ते ६० सेकंदांवर लावून ठेवावी.

बोलण्याची रीत

चालकाशी एकाच माणसाने बोलावे. बोलणे सरळ रस्त्यावर करावे, ब्रेक लावताना किंवा वळणात नाही. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून सुरुवात करावी आणि वाक्य संपल्यावर लगेच बोट उचलू नये. ही शिस्त सगळीकडे सारखीच असली तरी मराठीत बोलणाऱ्या संघाने ती जास्त कसोशीने पाळावी, कारण मराठीत नकार शेवटी येतो. ‘आत येऊ नको’ म्हणताना बोट लवकर उचलले की चालकाला ‘आत येऊ’ एवढेच ऐकू जाते आणि गाडी पिटमध्ये शिरते. ‘थांबू नको’चेही तसेच. म्हणून नकाराचा निरोपही होकारी शब्दांत द्यावा : ‘बाहेरच राहा’, ‘चालू ठेव’.

उलट, बटण दाबताच बोलले तर पहिले अक्षर जाते. ‘डावीकडं’ आणि ‘उजवीकडं’ यांचे पहिले अक्षर गेले की कानात ‘वीकडं’ आणि ‘जवीकडं’ उरते आणि गोंगाटात ती सारखीच वाटतात. ‘डावा, डावा’ असे दोनदा म्हणावे. आकड्यांत सात, आठ आणि साठ एकमेकांत मिसळतात, ‘आत’ आणि ‘आठ’ही मिसळतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर गोंगाटात ओळखू येत नाहीत; ‘पाच-नऊ’, ‘सहा-नऊ’ असे सुटे अंक सांगावेत. चालकाने नुसते ‘हो’ न म्हणता निरोप परत बोलून दाखवावा :

‘या फेरीला आत ये, या फेरीला.’
‘या फेरीला आत येतो.’
‘बरोबर.’

एका वेळी एकच आवाज जातो, हे मोठ्या संघांनाही महागात पडले आहे. २०२० च्या साखीर ग्रांप्रीत मर्सिडीजने दोन्ही गाड्या एकापाठोपाठ आत घेतल्या. त्याच क्षणी चालकाचे बोलणे आले, यंत्रणेने त्याला अग्रक्रम दिला आणि टायरवाल्यांपैकी एका गटाला निरोप गेलाच नाही. जॉर्ज रसेलच्या गाडीला वाल्टेरी बोटासचे टायर चढले आणि त्याला पुन्हा आत यावे लागले.

मराठवाड्यातील परिस्थिती

मराठवाड्यात आंतरराष्ट्रीय दर्जाचा ट्रॅक नाही. छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्र्याच्या वाहन कारखान्यांमुळे गाड्यांची जाण असलेली माणसे आणि वर्कशॉप भरपूर आहेत, पण गाडी पळवून पाहायला मुरमाड माळच गाठावा लागतो. सपाट माळावर गणिताने ८-९ किलोमीटर पल्ला निघतो. हा हिशेब दीड मीटर उंचीवर हातात धरलेला सेट आणि एक मीटरवरची गाडीची अँटेना धरून आहे. प्रत्यक्षात बाभळी, बांध आणि टेकाडे यांमुळे २-३ किलोमीटर धरून चालावे. पिटची अँटेना ६ मीटर बांबूवर चढवली तर मोठा फरक पडतो. सेटची ताकद वाढवून तेवढा पडत नाही. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या जागी वळणाआड गेलेल्या गाडीशी थेट बोलणे तुटते. तिथे दोन्ही बाजू दिसणाऱ्या उंचवट्यावर निरोप पुढे देणारा माणूस बसवतात.

एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला सेट चटका बसेल इतका तापतो आणि लिथियम बॅटरी कायमची खालावते. सेट पांढऱ्या ओल्या फडक्याखाली, सावलीत ठेवावा. फडके सेटला टेकू देऊ नये. काळ्या मातीची धूळ घामात कालवली जाऊन हेल्मेटच्या जोडपिनेवर थर धरते आणि आवाज तुटक येऊ लागतो. प्रत्येक खेपेनंतर पिन कोरड्या कापडाने पुसावी, दिवसाअखेर काँटॅक्ट क्लीनर मारावा.

परवान्याचे भान अनेकदा राहत नाही. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यात अर्ध्या वॉटपर्यंतचे मान्यताप्राप्त सेट परवान्याशिवाय चालतात. वर दिलेले ४-५ वॉटचे सेट वापरायचे तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन (डब्ल्यूपीसी) शाखेचा परवाना लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतात म्हणून ते घेऊन परस्पर वापरणे बेकायदा आहे. पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या चॅनेलवर आवाज गेला तर कुणाच्या जिवावर बेतू शकते. हौशी रेडिओचा परवाना असला तरी त्यावर संघाचे कामकाज चालवता येत नाही.

रेडिओ बंद पडल्यास काय करायचे हे गाडी सुटण्याआधी ठरलेले असावे. चालकाने हेल्मेटवर कानापाशी दोनदा टिचकी मारली की ‘ऐकू येत नाही’ एवढे समजावे आणि पिटने लगेच पुढच्या फेरीपासून फलक दाखवावा. त्यावर ‘आत’ हा शब्द वीतभर उंचीच्या अक्षरांत, काळ्यावर पिवळ्या रंगात लिहिलेला असावा.