ढोरांचा दवाखाना आणि बाकीची जनावरं : ग्रामीण विदर्भातील पशुसेवेची पार्श्वभूमी

गाडीखाली आलेलं कुत्रं, जेवण सोडलेली मांजर, बाजारात न विकल्यामुळे रस्त्यावर सोडून दिलेला म्हातारा बैल. विदर्भातल्या खेड्यात यांच्यासाठी मदत शोधायला निघालेला माणूस आधी ग्रामपंचायतीत जातो, तिथून जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात, मग पोलीस ठाण्यात, नाहीतर एखाद्या गोशाळेत. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी जबाबदारी आहे, पुरती कोणाकडेच नाही. ही वाटणी एका दिवसात झाली नाही.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्यांना चौकट दिली. दुसऱ्याच्या वावरात शिरलेलं ढोर कोंडायचं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं, कोणी आलंच नाही तर लिलाव. यात जनावराचं दुखणं कुठेच नव्हतं, पिकाचं नुकसान होतं. सरकारी पशुवैद्यकही खेड्यात पोचला तो मुख्यतः बुळकांडीसारख्या साथींमुळे. गोठे रिकामे झाले की नांगर थांबत आणि मग सारा कुठून वसूल होणार? बुळकांडी पुढे लसीकरणाने संपली. २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं आणि त्या यशाचा मोठा वाटा गावोगाव हिंडलेल्या लस टोचणाऱ्यांचा आहे. त्यांची आठवण कोणी काढत नाही, हे जाताजाता.

दुसरी धार गोरक्षणाची. १८८० च्या दशकाच्या अखेरीस नागपुरात गोरक्षणाची सभा उभी राहिली. अकोल्यात तर एका मोठ्या रस्त्याचं नावच गोरक्षण रोड आहे. वर्ध्यात १९४१-४२ च्या सुमारास गांधींच्या प्रेरणेने गोसेवेचं संघटित काम सुरू झालं. त्या भागातली गवळाऊ गाय दुधालाही बरी आणि तिचा गोऱ्हा शेतीला चपळ, त्यामुळे त्या कामाला नुसती भक्ती नव्हे, शेतीचा हिशोबही होता. आजच्या गोशाळांकडे पाहताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

आजची रचना मात्र खऱ्या अर्थाने १ मे १९६२ पासूनची, म्हणजे जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हापासूनची. खेड्यातले दवाखाने जिल्हा परिषदेकडे गेले, तर जिल्ह्याच्या ठिकाणचं पशुसर्वचिकित्सालय आणि तालुक्यांची लघुचिकित्सालयं राज्य शासनाकडे राहिली. म्हणून आजही एकाच जिल्ह्यात दोन साहेब आहेत : राज्याचे जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्त आणि जिल्हा परिषदेचे जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी. दवाखान्याला कुलूप असल्याची तक्रार उपआयुक्तांकडे नेली तर ते जिल्हा परिषदेचं दार दाखवतात. जनावराला कोणी मारझोड केल्याची तक्रार जिल्हा परिषदेत नेली की उलटा प्रवास सुरू होतो. गावकऱ्याला दोन्ही कार्यालयं 'ढोरांच्या डॉक्टरची'च वाटतात.

जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांतही दोन प्रकार झाले. श्रेणी-१ मध्ये पदवीधर पशुवैद्यक, म्हणजे पशुधन विकास अधिकारी. श्रेणी-२ मध्ये पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेला पशुधन पर्यवेक्षक, किंवा बढती मिळून झालेला सहायक पशुधन विकास अधिकारी. आडवळणाच्या गावांच्या वाट्याला बहुधा श्रेणी-२ आली. कित्येक वर्षं याने कोणाचं अडलं नाही. पर्यवेक्षक फटफटीवर यायचा, घटसर्प-फऱ्याची लस टोचायचा, गोऱ्हे ठेचायचा (म्हणजे खच्ची करायचा), कृत्रिम रेतन करायचा, अडलेली गाय सोडवायचा. गाव त्यालाच डॉक्टर म्हणायचं, आजही म्हणतं.

पेच आला तो १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने. उपचार करण्याचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकालाच, असं त्याने ठरवलं. मात्र कलम ३० मध्ये एक फट ठेवली. राज्य शासन आदेश काढून पदविकाधारकांना 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देऊ देईल, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. किरकोळ म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक मदत, आणि राज्य अधिसूचनेने ठरवेल ते आजार. महाराष्ट्राने २७ ऑगस्ट २००९ रोजी अशी अधिसूचना काढली आणि तेव्हापासूनचा वाद अजून मिटलेला नाही.

पदविकाधारकांचं म्हणणं असं की ज्या श्रेणी-२ मध्ये पशुवैद्यक नेमलेलाच नाही, तिथे देखरेख कोणाची? वीस-पंचवीस किलोमीटरवर बसलेल्या अधिकाऱ्याची देखरेख कागदावर धरायची, काम आम्ही करायचं, आणि जनावर दगावलं तर बेकायदा उपचार केला म्हणून आम्हालाच धरायचं. दवाखान्यांची श्रेणीवाढ करा, अधिसूचना रद्द करा, पदविकेला वेगळी नोंदणी द्या, अशा मागण्या होत राहिल्या आणि २०२१ मध्ये त्यासाठी असहकार आंदोलनही झालं. पदवीधरांचं म्हणणं उलट. पाच वर्षं शिकून जे करायचं ते दोन वर्षांच्या पदविकेवर करू दिलं तर चुकीचे प्रतिजैविक डोस आणि दुधात उतरणारी औषधं यांना आवर कोण घालणार? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण वजन सारखं नाही. पदवीधरांचा मुद्दा शास्त्राचा आहे आणि बरोबरच आहे, मात्र ते शास्त्र घेऊन गडचिरोलीच्या टोकाला राहायला फार थोडे तयार होतात. शासनाने ना पुरेसे पशुवैद्यक दिले, ना पर्यवेक्षकाला संरक्षण. अधिसूचना काढून जबाबदारी तेवढी खाली सरकवली.

पाळीव प्राण्यांच्या दृष्टीने हा निर्णय आणखी अडचणीचा ठरला, आणि या वादात ही बाजू सहसा कोणी मांडत नाही. कुत्र्याला पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग, झाला तर शिरेतून सलाईन लागतं, मोडलेल्या पायाला भूल द्यावी लागते, मांजराची नसबंदी ही सरळ पोट उघडण्याची शस्त्रक्रिया. यातलं काहीच किरकोळ नाही. त्यामुळे श्रेणी-२ चा कर्मचारी कुत्र्याला हात लावायला कचरतो, आणि गावकऱ्याला तो आळस वाटतो. त्यात दवाखान्याची मांडणीच मोठ्या जनावराची. बाहेर लोखंडी खोडा असतो, आत टेबल असेलच असं नाही. रेबीजची लस माणसाला आरोग्य केंद्रात मिळते, पण पिसाळलेलं कुत्रं गाईला चावलं तर पाच डोसांची लस अनेकदा मालकालाच औषध दुकानातून आणावी लागते. कुत्र्यांची संख्या पशुगणनेत मोजली जाते, दवाखान्याच्या औषध मागणीत ती क्वचितच उतरते.

मग उरतं शहर. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, तिथलं आणि अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेचं रुग्णालय आजही पूर्व आणि पश्चिम विदर्भाचा शेवटचा आधार आहे. क्ष-किरण, रक्ततपासणी, शस्त्रक्रिया सगळं तिथे होतं. पण सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक. एसटीत आजारी कुत्रं कोण घेऊ देणार, आणि खासगी गाडीचं भाडं जनावराच्या किमतीहून जास्त होतं.

कल्याणाचा, म्हणजे क्रौर्य रोखण्याचा धागा याहून वेगळा चालला. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा देशाला लागू झाला, पण त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, आणि तो अजून तेवढाच आहे. २००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था सक्तीची केली. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या झाल्या. बैठका होतात, कार्यवृत्त निघतं, जखमी जनावर ठेवायला जागा मात्र बहुतेक ठिकाणी नसते. तरीही ही समिती नुसती कागदी म्हणून सोडून देऊ नये. लेखी अर्ज उपआयुक्त कार्यालयात आवक क्रमांकासह दिला, तर तो पुढच्या बैठकीत घेण्यासाठी पाठपुरावा करायला हाताशी काहीतरी राहतं.

२०१५ नंतर सगळं लक्ष गोवंशाकडे वळलं. गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि भाकड गाय, थकलेला बैल यांचा बाजार बसला. ट्रॅक्टर तर आधीच आला होता. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीमार्गे तेलंगणाकडे जाणाऱ्या गाड्या पोलीस पकडू लागले आणि जप्त जनावरं गोशाळांत जाऊ लागली. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मुद्देमाल जनावरांचा ताबा आणि खर्च यांची पद्धत घालून दिली, पण खटले लांबत जातात आणि चारा रोज लागतो. २०२४ मध्ये देशी गाईंसाठी गोशाळांना रोज प्रत्येकी पन्नास रुपयांचं अनुदान ठरलं. गाईंसाठी निदान एवढं तरी आहे. म्हैस, गाढव, शेळी, कुत्रं घेऊन गोशाळेच्या फाटकाशी गेलेल्याला बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. जो कास्तकार बैल विकू शकत नाही आणि पोसूही शकत नाही, त्याच्यासाठी तर कुठलीच योजना नाही.

शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचाही इथे उल्लेख हवा. तळेगाव दशासरसारखे पट २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबले, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परत आले आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. पटाच्या दिवशी बैलांच्या तपासणीला पशुवैद्यक लागतो, आणि तो त्याच तालुक्यातून येतो.

साथींनी मात्र यंत्रणेला हलवलं. लम्पी, म्हणजे अंगावर गाठी आणणारा गुरांचा साथरोग, विदर्भात २०२० मध्येच गडचिरोलीकडून शिरली होती, तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. २०२२ च्या पावसाळ्यात ती राज्यभर पसरली, बुलडाणा, अकोला, अमरावतीचे बैलबाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचावी लागली. मेलेल्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस, वासराला सोळा हजार अशी मदत मिळाली. श्रेणी-२ चे तेच पर्यवेक्षक, ज्यांच्या उपचारांवर वाद चालू होता, गोठ्यागोठ्यात लस देत फिरले. १९६२ हा टोल फ्री क्रमांक आणि फिरती पथकं लोकांच्या ओळखीची झाली तीही याच वर्षांत. जिल्हा परिषदांच्या जन्मसालाशी हा आकडा जुळतो, हा निव्वळ योगायोग. सेवा पशुपालकाच्या दारात पोचवण्यासाठी आहे, त्यामुळे मालक नसलेल्या जनावराच्या वेळी फोन करणाऱ्याने स्वतःचं नाव आणि ठिकाण द्यावं, थांबायची तयारी ठेवावी.

भटक्या कुत्र्यांचा विषय खेड्यात सर्वांत उशिरा आला. कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाच्या २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लस हा मार्ग ठरवला, २०२३ च्या नव्या नियमांत जबाबदारी नगरपालिकांबरोबर पंचायतींवरही आली. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्था, शस्त्रक्रियागृह आणि नंतर काही दिवस ठेवायला पिंजरे लागतात, ते ग्रामपंचायतीने कुठल्या निधीतून उभारायचे? २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कुत्र्यांना रस्त्यावर खाऊ घालण्यावर बंधनं आणली आणि खाऊ घालणाऱ्यांनी ती दत्तक घ्यावीत असं म्हटलं. त्या भागाला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये, नसबंदी आणि लस दिलेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक सोडून, मूळ जागी परत सोडावीत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथे सोडू नयेत, असं ठरलं. तालुक्याच्या एसटी स्थानकावरची कुत्री नेमकी कुठल्या निवाऱ्यात न्यायची, यावर नगरपंचायती आणि पंचायत समित्यांमध्ये आता पत्रव्यवहाराचं काम वाढलं आहे.

जंगलाकाठच्या गावांचा प्रश्न वेगळा. ताडोबा, मेळघाट, टिपेश्वरच्या भोवती बिबट्याने कुत्रं नेणं किंवा वाघाने गाय मारणं ही नेहमीची बाब. गाईसाठी वनविभाग भरपाई देतो आणि पंचनाम्यात पशुवैद्यकाचा दाखला लागतो, कुत्र्यासाठी तसं काही नाही. जखमी वन्यप्राणी दिसला तर १९२६ हा वनविभागाचा क्रमांक. रोही (नीलगाय) किंवा मोर गोठ्यात आणून स्वतः उपचार करणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.