चुन्याच्या भिंतीवरचा उजेड

पीटर सानरेडाम या डच चित्रकाराने रंगवलेलं चर्च पहिल्यांदा पाहताना वाटतं, चित्र अर्धवट राहिलंय की काय! मूर्ती नाहीत, सोनेरी वेदी नाही. जुन्या गोव्यातली चर्च डोळ्यांत भरलेल्या माणसाला तर हे चर्च आहे हेच पटणार नाही. उंच खांब, पांढऱ्या भिंती आणि उजेड, एवढाच ऐवज.

हा रिकामेपणा त्याच्या आधीच्या पिढ्यांनी करून ठेवला होता. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट उसळली. हार्लेम शहरातलं सेंट बाव्हो हे चर्च १५७८ मध्ये प्रोटेस्टंटांच्या ताब्यात गेलं. अशा चर्चमधल्या वेद्या निघाल्या, भिंतींवर चुना फिरला. या कॅल्विनपंथी प्रोटेस्टंटांचा आक्षेप प्रार्थनेच्या जागी चित्र असण्याला होता. घरात खुशाल टांगा! त्यामुळे मजाच झाली. चर्चमधून चित्रं बाहेर पडली आणि पुढे चर्चच चित्रात बसून लोकांच्या दिवाणखान्यात आलं.

सानरेडाम (१५९७–१६६५) कामाला भलता चिकट. आधी जागेवर रेखाटन, त्यावर तारीख. मग मापं घेऊन पट्टीने आखलेला आराखडा. रंग कधीकधी कित्येक वर्षांनी. उट्रेख्तच्या ब्यूरकेर्क या चर्चचं रेखाटन ऑगस्ट १६३६ मधलं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र १६४४ चं. म्हणजे त्यातला उजेड त्या ऑगस्टमधल्या दुपारचा नव्हेच. तो आठ वर्षं मुरलेला आहे. मला त्यातली शांतता तिथूनच आलेली वाटते. पांढरा तरी एक कुठे आहे? इथे पिवळसर, तिथे गुलाबीकडे झुकलेला, कमानीखाली राखी. खाली कोपऱ्यात एक पोरगा भिंतीवर घोडा आणि त्यावरचे चार स्वार काढतोय, दुसरा कुत्र्याला दोन पायांवर बसायला शिकवतोय. चित्रकाराची सहीही त्या रेघोट्यांच्याच शेजारी.

१६५० च्या सुमारास डेल्फ्ट शहरातल्या चित्रकारांनी चर्च समोरून न दाखवता तिरक्या कोनातून दाखवायला सुरुवात केली. त्यांच्यातला एमान्युएल द विट पुढे ॲमस्टरडॅमला गेला. त्याच्याकडे ऊन फरशीवर तुकड्यातुकड्यांनी पडतं, सावल्या गडद असतात, माणसं गप्पा मारत उभी असतात आणि जवळच एखादी कबर उघडी असते. त्याची काही चर्च कुठल्याच गावात सापडणार नाहीत. एकाचे खांब, दुसऱ्याची खिडकी घेऊन त्याने ती कॅनव्हासवर बांधली.