चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र

चंद्रपूर शहरालगत दुर्गापूर-ऊर्जानगर भागात असलेले कोळशावरील वीजकेंद्र. महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या केंद्रांत हे सर्वांत मोठे असून त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे (राज्यात याहून मोठे केंद्र तिरोड्याला आहे, पण ते खासगी). पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला; पुढच्या वर्षी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते रीतसर उद्‌घाटन झाले. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आता बंद झाले आहेत. त्याच क्षमतेचे दोन आणि ५०० मेगावॉटचे पाच संच उरले. त्यांतला आठवा व नववा २०१६ मधले.

कोळसा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, सरकारी कोळसा कंपनी) दुर्गापूर, पद्मापूर अशा हाकेच्या अंतरावरच्या खाणींतून येतो. कोळसा मुंबईकडे वाहून नेण्यापेक्षा वीजच तारेने धाडणे सोपे, हा त्यामागचा हिशेब. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी त्यासाठीच टाकली आहे. वीज पडघ्याला उतरते. राखड चंद्रपुरात उतरते.

ही राखड किती, ते सोप्या गुणाकाराने कळते. विजेच्या एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. सगळे संच पूर्ण भाराने चालले तर दिवसाला पन्नास हजार टनांच्या आसपास. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४० टक्के, म्हणजे रोज पंधरा-वीस हजार टन राख. जड राख बाष्पकाच्या (बॉयलरच्या) तळाशी पडते. पिठासारखी बारीक उडती राख धुराबरोबर निघते आणि ‘ईएसपी’ नावाच्या यंत्रणेतील विद्युतभारित पत्र्यांना चिकटते. पत्र्यांवर ठरावीक वेळाने हातोडे आपटतात, तशी ती खालच्या नरसाळ्यात झडते. कोरडी राख सिमेंट कारखाने उचलतात. जिल्ह्यात ते बरेच असल्याने गिऱ्हाईक जवळच आहे. उरलेली पाण्यात कालवून नळाने राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. तिथले पाणी आटले की वारा तीच राख पुन्हा उचलतो, आणि पाझरले तर जड धातू भूजलात जाण्याची भीती असते.

ईएसपी कण अडवते, वायू नाही. सल्फर डायऑक्साइड चिमणीतून तसाच बाहेर पडतो. त्यावर मर्यादा घालणारे निकष केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये काढले आणि पाळण्याची मुदत पुढे वेळोवेळी वाढवत नेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले गेले. दोष अर्थात एकट्या या केंद्राचा नाही. खाणी, सिमेंट आणि कोळशाचे ट्रक यांचाही त्यात वाटा आहे.

पाणी इरई धरणाचे, आणि शहराची तहानही त्याच धरणावर. २०१० च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेले, तेव्हा केंद्रातील संच बंद ठेवावे लागले.

केंद्राच्या आवारात झाडोरा दाट आहे, ताडोब्याचे जंगलही फार लांब नाही. त्यामुळे वाघ-बिबटे इथे नवे नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये आवारातच वाघाने एका कामगाराचा बळी घेतला.